अजुआचं बोट आणि एका मिनिटाची जाहिरात

टीव्हीवरच्या बातम्या मी ऐकतो, फुटबॉल बघतो, पण जीव लावून बघतो त्या जाहिराती. जाहिरात लागली की घरातली माणसं पाणी प्यायला उठतात, आणि मी नेमकी तेव्हाच खुर्ची पुढे ओढतो. ओदुमाकुरोमच्या गावशाळेत मिडलपर्यंत शिकलेला माणूस मी. जाड पुस्तकं काही वाचली नाहीत, पण जाहिरातींचे प्रकार मला कुणीही विचारावेत.

एक गाण्याची. बिस्किटाची असो की साबणाची, महिनाभर ती तोंडातून जात नाही. आमच्या पाद्रीबुवांनी एकदा प्रार्थनेच्या आधी चुकून तिचीच चाल धरली होती आणि सगळ्या चर्चनं ती उचललीही होती. दुसरी साक्षीची. ट्रोट्रोचा, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी गाडीचा, ड्रायव्हर गाडीला टेकून उभा राहतो आणि आईची शपथ घेऊन सांगतो, अमक्या मलमानं माझी कंबर वाचवली. तिसरी भांडणाची. दोन शेजारणी दोरीवर कपडे वाळत घालतात, एकीचे पांढरे, दुसरीचे मळकट, आणि शेवटी मळकटवाली हात जोडते. चौथी पांढऱ्या कोटाची. तो कोटवाला डॉक्टर नसतो हे अख्ख्या देशाला माहीत आहे. तरीही आमच्या गायकमंडळातल्या एका बाईला तो कुमासी शहराच्या बाजारात दिसला, तेव्हा तिनं भर रस्त्यात त्याला आपला गुडघा दाखवला. त्यानंही तो बघितला म्हणतात. पाचवी हसवायची, तोंडं रंगवलेल्या नाटकवाल्यांची.

आणि सहावी नुसती दाखवायची. गाणं नाही, शपथ नाही, कुणी हात जोडत नाही. वस्तू समोर ठेवायची आणि गप्प बसायचं. हा प्रकार आणखी कुणी कुठे आधी केला असेल तर त्याचं त्याला लखलाभ. आमच्या भागात तो आणला माझ्या मावसबहिणीनं, अजुआ पिनामाननं. तिनं आयुष्यात एकच जाहिरात केली, तीसुद्धा चेहरा न दाखवता.

अजुआची खानावळ आमच्या लॉरी स्टँडला लागून होती. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, मागे चूल आणि चुलीपलीकडे उखळ. उकडलेले कसाव्याचे कंद आणि हिरवी केळी त्यात पडायची. मी उभा राहून माझ्यापेक्षा हातभर उंच मुसळ घालायचो, आणि अजुआ बुटक्या चौरंगावर बसून उजव्या ओल्या हातानं त्याचा फुफू नावाचा गोळा परतायची. मुसळ वर गेलं की तिचा हात आत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. ज्यानं हे कधी केलं नाही त्याला वाटतं, सगळं काम मुसळवाल्याचं. तसं नाही. मुसळवाला नुसता ताकदीचा. गोळ्यात गुठळी राहिली की गेली, हे कळतं ते परतणारीच्या बोटांना.

त्यातलं अजुआचं मधलं बोट वाकडं होतं. पहिल्या पेरापासून ते अंगठ्याकडे वळलेलं, आणि नखाच्या जागी गुळगुळीत कातडी. ते बोट माझ्या मुसळानं मोडलं.

देशाला स्वातंत्र्य मिळून आठेक वर्षं झाली होती. मी एकोणीसचा, ती सतराची. घरामागे आम्ही फुफू कुटत होतो आणि रस्त्यावरून फुटबॉलच्या खेळाडूंनी भरलेली लॉरी गाणी म्हणत चालली होती. मी मान वळवली. हात मात्र थांबले नाहीत. पुढचं सांगायला नको. गोळा टाकून द्यावा लागला, एवढंच सांगतो.

त्याच आठवड्यात गावातल्या आचियाबाई घरच्या लोकांना घेऊन आपल्या मुलासाठी अजुआला मागणी घालायला आल्या होत्या. रीतीप्रमाणे दार ठोठावून त्यांनी जिनच्या दोन बाटल्या आमच्या मामापुढे ठेवल्या. मामा बाटली उघडणार, म्हणजे होकार देणार, तेवढ्यात आचियाबाईंची नजर अजुआच्या फडकं गुंडाळलेल्या हाताकडे गेली. त्यांनी विचारलं, आम्ही खरं सांगितलं. मग त्या उठल्या, दोन्ही बाटल्या परत टोपलीत ठेवल्या आणि टोपली डोक्यावर घेतली. जाताना म्हणाल्या, जिला मुसळानं खाल्लं ती माझ्या घरात कुणाला काय खाऊ घालणार. न उघडलेल्या बाटल्या गल्लीतून परत जाताना सगळ्या गावानं बघितल्या.

हात बरा झाल्यावर अजुआनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, मुसळ घे. घरातल्या सगळ्यांनी आरडाओरडा केला. दुसरा कुणीही घे, बादू नको, म्हणजे मी नको. तिनं उखळाशेजारी बसून हात ओला केला आणि शांतपणे सांगितलं, "एकदा मारलंय ना त्यानं. आता तो कुठेच बघणार नाही."

अठ्ठावीस वर्षं मी कुठेच बघितलं नाही. माझ्या लग्नाची वरात आली तेव्हाही नाही, हे माझी बायको अजून सुनावते. अजुआनं पुढे लग्न केलं, नवरा भला होता, लवकर गेला. तिनं खानावळ काढली. सुरुवात करताना ती वाकड्या बोटानं उखळाच्या काठावर दोनदा टकटक करायची. ती माझ्यासाठी खूण, की चल, डोळे इकडे. कुमासीला जाणारे ड्रायव्हर दोन गावं उपाशी काढायचे आणि आमच्याकडे येऊन जेवायचे. समोरच्या बाजूला आचियाबाईंच्या मुलीनं, फोरिवानं, दुसरी खानावळ टाकली होती. तिचं कालवण वाईट नव्हतं. जीभ जरा तिखट होती.

आता जाहिरातीकडे येतो. त्र्याण्णव साल असेल. न्क्वानपा नावाचा टोमॅटोच्या लगद्याचा डबा नवीन निघाला होता. रविवारी दुपारी टीव्हीवर नाटक लागायचं आणि शेजारच्या दारूच्या दुकानातला टीव्ही आमच्या बाकांवरूनही दिसायचा. त्या दिवशी नाटकाच्या मध्ये न्क्वानपाची जाहिरात लागली. सासू-सुनेचं भांडण, मग गाणं, मग सून हसत फुफू परतते, मग डबा. आमच्या खानावळीत बसलेल्या बायका एकदम फिदीफिदी हसायला लागल्या. कोपऱ्यात राजधानीचा, अक्राचा एक प्रवासी जेवणाची वाट बघत बसला होता, इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. त्यानं अजुआला विचारलं, "मावशी, एवढं हसण्यासारखं काय होतं?"

"आवाज ऐकलात ना? त्या उखळात गोळाच नाही. रिकाम्या लाकडावर कुणीतरी दांडकं आपटतंय. आणि त्या सुनेची नखं बघितलीत? लालभडक. रंग गोळ्यात उतरला तर तो खाणार कोण, तुम्ही?"

त्याचा चेहरा पडला. हळूच म्हणाला, "ती जाहिरात मी केली आहे."

"मग आधी जेवा," अजुआ म्हणाली. "उपाशी माणसाला मी बोलत नाही."

त्याचं नाव लोमोते. डबे का खपत नाहीत ते बघायला त्याला धाडलं होतं. जेवून हात धुतल्यावर त्यानं फाइल उघडली आणि पुढचे बेत अजुआला वाचून दाखवले. एक नवं गाणं होतं. पांढऱ्या कोटाचा माणूस होता. एका मोठ्या फुटबॉल खेळाडूची साक्षही होती. अजुआ भांडी विसळत ऐकत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, खेळाडू फुफू कुटतो का, डॉक्टर कालवण करतो का. माणसाला भूक लागते ती वाफ बघून आणि मुसळाचा आवाज ऐकून. तेवढं दाखवा आणि तोंड बंद ठेवा. लोमोतेनं फाइल मिटली. खुर्ची पुढे ओढून ऐकणारा मी, मला त्या दिवशी माझ्या बहिणीचा एवढा अभिमान वाटला की कालवणात मीठ दोनदा पडलं.

पंधरा दिवसांनी ते गाडी भरून आले. कोरड्या वाऱ्याचे दिवस, सगळीकडे धूळ. दिवे, तारा, कॅमेरा, आणि तीच सुनेचं काम करणारी नटी, नाआ क्वार्लेई. नखं मात्र या वेळी कापून, साधी. ठरलं असं की चेहरा नाआचा आणि हात अजुआचे. अजुआला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, चेहरा कुणाचाही चालतो.

लोमोतेनं कॅमेऱ्यातून अजुआचा हात बघितला आणि डोकं वर काढलं. तिला बाजूला घेऊन तो फार नरमाईनं बोलला, हे मी सांगितलंच पाहिजे. म्हणाला, खाण्याच्या जाहिरातीत मोडकं बोट दाखवत नाहीत. कालवणाचं भांडं पुढे सरकवू, किंवा त्या बोटाला मेण लावून सरळ करू. मी मुसळ धरून उभा होतो. बोट मोडलं होतं मी, आणि लपवायचं तिनं.

अजुआनं हात नेसलेल्या कापडाला पुसला.

"साहेब, हे बोट गोळ्यातली गुठळी शोधतं. बाकीची चार नुसती सोबतीला आहेत. बोट दिसणार नसेल तर हातही नाही. मग तुमच्या उखळात पुन्हा दांडकं आपटा."

लोमोते काही बोलणार, तेवढ्यात नाआ क्वार्लेई म्हणाली, "राहू द्या ना साहेब. सरळ बोटं माझी होती, त्यांना लोक हसले."

त्यावर तो म्हणाला, मी बोट घेतो. पण फिल्मची कापाकापी अक्राला होते आणि तिथं माझ्याही वरचे लोक बसतात. वचन देत नाही. अजुआ म्हणाली, तुम्ही घ्या, पुढचं पुढे. आणि आणखी एक अट घातली. खाणारं कुणी नसताना आमच्यात फुफू कुटत नाहीत, तेव्हा जेवढं कुटू तेवढं सगळ्यांनी खायचं. त्या दिवशी आम्ही सात वेळा कुटलं. शेवटी कॅमेरावाला झाडाखाली आडवा झाला आणि दिवेवाल्यानं पट्टा सैल केला. मुसळ घालताना मी नाकातून 'हं' करतो. आवाज टिपणाऱ्या माणसानं मला तीनदा सांगितलं, बाबा, हं करू नका. चौथ्यांदा तो म्हणाला, करा, त्याशिवाय ताल येत नाही.

ते गेले आणि गावात चर्चा सुरू झाली. अजुआनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं मी. लॉरी स्टँडवर, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, जिथं तिथं सांगत सुटलो की माझ्या बहिणीचं बोट साऱ्या देशाला दिसणार. अजुआ एकदा वैतागून म्हणाली, बादू, बोट माझं आहे की तुझं. पण तीही रविवारी दुपारी बाकाची दिशा बदलून बसायला लागली होती, ते मी बघितलं होतं. अठ्ठावीस वर्षं तिनं त्या हाताबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता अक्राच्या कात्रीवर सगळं होतं. बोट कापलं गेलं असतं, तर त्या टोपलीतल्या बाटल्या दुसऱ्यांदा परत गेल्यासारखं झालं असतं, आणि तेही माझ्या बडबडीमुळे सगळ्या गावादेखत.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी लोमोतेचा निरोप आला, आज लागेल. दारूच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चचे कपडे अंगावर तसेच ठेवून लोक आले होते. फोरिवासुद्धा आपली खानावळ सोडून दारात येऊन उभी राहिली. अजुआ पुढच्या स्टुलावर, मी तिच्या मागे.

नाटकाचा पहिला भाग संपला. न्क्वानपाची जाहिरात लागली. वाफाळलेलं भांडं, नाआ क्वार्लेईचा हसरा चेहरा, डबा. संपलं. माझी अर्धी जांभईसुद्धा झाली नसती एवढ्यात संपलं. हात नाही, उखळ नाही.

मग दारातून फोरिवाचा आवाज आला, "आमच्या आईनं बाटल्या परत नेल्या, टीव्हीवाल्यांनी बोट परत नेलं. दोघांचे डोळे सारखेच चांगले."

दोन-चार जण हसले. अजुआ उठली. म्हणाली, कालवण चुलीवर आहे, लागेल. आणि सरळ मान ठेवून माणसांतून वाट काढत गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं. गेलो नाही, कारण तोंड कुठे लपवावं ते सुचत नव्हतं. स्टुलाचा पाय धरून तसाच बसून राहिलो.

आता एक गोष्ट तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. एकाच जाहिरातीच्या दोन आवृत्त्या करतात, एक पंधरा सेकंदांची आणि एक मोठी, मिनिटभराची. छोटी नुसती आठवण करून द्यायला. मोठी नाटकाच्या दुसऱ्या सुट्टीत होती.

ती लागली तेव्हा आधी पडदा नुसता काळा होता आणि आवाज आला. टक टक. उखळाच्या काठावरची ती टकटक ऐकून मी मान वर केली. मग मुसळ पडलं, आणि तो आवाज भरलेला, जाड, ओला. शेजारी बसलेली एक म्हातारी आपसूक म्हणाली, अजून थोडं पाणी लाव. मग हात दिसला. सगळ्या पडद्याएवढा मोठा अजुआचा हात, पाण्यानं चकाकणारा, आत जाणारा, बाहेर येणारा. आणि त्यात ते बोट, अंगठ्याकडे वळलेलं, गोळा दाबत फिरत होतं. एका जागी ते थांबलं, चिमटीनं एक बारीकशी गुठळी बाहेर काढली आणि टाकून दिली. गाणं नाही, शब्द नाही. फक्त मुसळ आणि अधूनमधून माझा 'हं'. शेवटी तो गुळगुळीत गोळा लाल कालवणात उतरला आणि त्याच हातानं डबा शेजारी ठेवला.

दुकानातून जो आवाज उठला तो स्टँडच्या पलीकडच्या टोकाला ऐकू गेला, असं ड्रायव्हर सांगतात. लोक स्टुलं पाडत खानावळीकडे धावले. मी सगळ्यांच्या पुढे, पन्नाशीला टेकलेला माणूस, हातात एकच चप्पल. अजुआ चुलीपाशी कालवण ढवळत होती. आमच्याकडे बघून ती समजली. तरी तिनं डाव माझ्याकडे वळवत एकच विचारलं, "बोट दिसलं?"

"दिसलं."

"किती?"

"खिडकीएवढं."

ती परत कालवणाकडे वळली. पाठ आमच्याकडे होती, पण खांदे हलत होते, आणि ती हसत होती की रडत होती हे मी आजही कुणाला सांगत नाही. तिनं स्वतः ती जाहिरात बघितली ती पुढच्या रविवारी. अख्ख्या गावानं तिला पुढे बसवलं. संपल्यावर ती म्हणाली, पाणी जरा जास्त झालं होतं.

डबे किती खपले ते लोमोते जाणे. आमच्या गावात काय झालं ते मी सांगतो. ट्रोट्रोवाले ओदुमाकुरोम हे नावच विसरले. कुमासीच्या स्टँडवर उभे राहून ते ओरडायचे, बोट, बोट, बोटाला चला. प्रवासी खानावळीत शिरले की आधी हात बघायला मागायचे आणि मग जेवायचे. अजुआ ताट पुढे करतानाच तो दाखवायची, वेगळा वेळ घालवायची नाही.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर आचियाबाई आल्या. ऐंशीच्या पुढे गेलेल्या, काठी टेकत, आणि फोरिवाच्या डोक्यावर टोपली. फोरिवानं टोपली खाली उतरवली आणि ती आईच्या मागे उभी राहिली. आचियाबाई बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, फुफू आण. अजुआनं मला हाक मारली. आम्ही ताजं कुटलं. म्हातारीनं डोळे मिटून पहिला घास गिळला, मग दुसरा, आणि ताट संपेपर्यंत मान वर केली नाही. हात धुऊन त्यांनी अजुआचा हात मागितला आणि ते बोट आपल्या दोन्ही तळव्यांत धरलं.

"माझ्या घरात हे जेवण आलं असतं," त्या म्हणाल्या. "मीच परत नेलं."

मग त्यांनी टोपलीतून जिनच्या दोन बाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मामा केव्हाच गेले होते, आणि घरातला वडील पुरुष आता मीच होतो. माफी मागायची आमच्यात हीच रीत आहे. बाटली पुढे ठेवायची आणि वाट बघायची. ती परतही जाऊ शकते, हे आचियाबाईंना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फोरिवा खाली बघत होती.

मी अजुआकडे बघितलं. तिनं वाकड्या बोटानं बाकाच्या काठावर दोनदा टकटक केलं.

मी बाटली उघडली. पहिले थेंब जमिनीवर ओतले, मामाचं नाव घेतलं, आमच्या आयांची नावं घेतली, आणि मग पहिला पेला आचियाबाईंच्या हातात दिला. दुसरा फोरिवाच्या. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, आणि पिऊन झाल्यावर अजुआला म्हणाली, मावशी, संध्याकाळी माझ्याकडे गुठळ्या राहतात, एकदा येऊन बघाल का. अजुआ म्हणाली, येते, पण मुसळवाला माझाच असेल.